जुने गेम, रॉम आणि एम्युलेटर: चोरी नेमकी कुठे सुरू होते?

तुमचा प्रश्न इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडते. तुमच्याकडे लहानपणची गेम बॉयची एक कार्ट्रिज आहे, यंत्र मात्र केव्हाच बंद पडलंय. त्याच गेमची रॉम, म्हणजे कार्ट्रिजमधल्या गेमची जशीच्या तशी फाइल, नेटवरून उतरवून फोनवरच्या एम्युलेटरमध्ये खेळावी का, हा पहिला भाग. जे गेम आज कुठेच विकत मिळत नाहीत, ज्यांची कंपनीही उरली नाही, त्यांचं काय, हा दुसरा. एका कन्सोलचे झाडून सगळे गेम एकाच फाइलमध्ये मिळतायत, ते घेऊन ठेवले तर तेही जतनच झालं ना, हा तिसरा. आणि तुम्ही हे शोधत असताना बारा वर्षांच्या मुलीनं विचारलं, "बाबा, ही चोरी नाही का?" तिला काय सांगावं ते तुम्हाला सुचलं नाही.

मी गेली सतरा वर्षं जुन्या कार्ट्रिज, डिस्क आणि आर्केडचे, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांचे, बोर्ड वाचून त्यांच्या बिनचूक प्रती काढते. आमच्यात याला डंप करणं म्हणतात. तुमच्या मुलीचा प्रश्न मला या सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण या कामातली मोठी मोठी माणसंही तो टाळतात. काहींच्या मते प्रत्येक रॉम म्हणजे पायरसी, विषय संपला. काहींच्या मते गेम जुना झाला की तो सगळ्यांचाच झाला. मला दोन्ही पटत नाही. गेमचं वय मी बघतच नाही. तो गेम देणारं कुणी अजून काउंटरमागे उभं आहे का, आणि आपण त्याच्याकडे न बघता पुढे जातोय का, एवढं मी बघते.

आधी एम्युलेटरचं बोलू, कारण त्याच्याबद्दल उगाच अपराधी वाटून घेणारे पुष्कळ भेटतात. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्रासारखा वागणारा प्रोग्रॅम. त्या यंत्राचा प्रोसेसर, चित्राची चिप, आवाजाची चिप जे काही करायची ते तो आजच्या संगणकावर करून दाखवतो. त्यात गेम नसतो. एखाद्या यंत्राचा बारकाईनं अभ्यास करून तसंच वागणारं दुसरं काही स्वतःच्या कष्टानं लिहिणं यात चोरी नाही, आणि हे न्यायालयात तावूनसुलाखून निघालंय. कनेक्टिक्स या कंपनीनं १९९९ मध्ये मॅकवर प्लेस्टेशनचे गेम चालवणारा 'व्हर्च्युअल गेम स्टेशन' आणला. सोनीनं खटला भरला. २००० साली अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं कनेक्टिक्सच्या बाजूनं निकाल दिला. यंत्र समजून घेण्यासाठी त्यांनी मधल्या टप्प्यावर यंत्राच्या आतल्या प्रोग्रॅमच्या, म्हणजे बायोसच्या, ज्या प्रती काढल्या, त्या न्यायालयानं न्याय्य वापरात (हक्कदाराच्या परवानगीशिवायही चालणाऱ्या वापरात) धरल्या. पुढे सोनीनं तो प्रोग्रॅमच विकत घेऊन बंद केला. ब्लीम नावाचा दुसरा एम्युलेटर विकणारी कंपनीही न्यायालयात टिकली, पण वकिलांच्या खर्चानं खचून २००१ मध्ये बंद पडली. आणि २०१८ साली सोनीनं 'प्लेस्टेशन क्लासिक' हे छोटं यंत्र बाजारात आणलं, तेव्हा आत गेम चालवण्यासाठी पीसीएसएक्स या मुक्त-स्रोत एम्युलेटरचीच एक आवृत्ती होती. हौशी लोकांनी पदरचा वेळ घालून वर्षानुवर्षं लिहिलेली. तुम्ही आज अधिकृत दुकानातून जुना गेम विकत घेतलात, तरी तो बहुतेक वेळा कुठल्या ना कुठल्या एम्युलेटरवरच चालत असतो.

एम्युलेटरच्या कडेला दोन गोष्टी मात्र चिकटलेल्या असतात. एक बायोस, म्हणजे यंत्राच्या पोटातला कंपनीचा प्रोग्रॅम. त्यावर कंपनीचा कॉपीराइट असतो. गेम बॉय ॲडव्हान्ससारख्या यंत्रांसाठी लोकांनी बायोसला स्वतः लिहिलेला पर्याय दिलाय, तिथे तो उतरवण्याची गरजच पडत नाही. दुसरी म्हणजे नव्या यंत्रांच्या गुप्त किल्ल्या, ज्यांनी गेमवरचं कुलूप उघडतं, आणि इथे माझं मत बदलतं. २०२४ च्या फेब्रुवारीत निन्टेन्डोनं त्यांच्या स्विच या यंत्राच्या युझू नावाच्या एम्युलेटरवर खटला भरला. 'टिअर्स ऑफ द किंग्डम' हा गेम विक्रीला येण्याआधीच दहा लाखांहून जास्त वेळा बेकायदा डाउनलोड झाला, असा त्यांचा आरोप होता. आठवड्याभरातच २४ लाख डॉलर भरायचं कबूल करून युझूच्या चमूनं काम थांबवलं. तो गेम जुना नव्हता. ज्यांनी त्यावर काही वर्षं घालवली ती माणसं विक्रीच्या पहिल्या दिवसाची वाट बघत होती. तिथे जतनाचं नाव घेणाऱ्यांच्या बाजूनं मी बोलले नाही, आजही बोलणार नाही. पण त्याच चमूचा सिट्रा हा निन्टेन्डोच्या थ्रीडीएस या जुन्या यंत्राचा एम्युलेटरही त्याबरोबर बंद झाला याचं मला खरोखर वाईट वाटतं. थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्येच बंद झालेलं होतं. त्या यंत्राच्या ज्या गेमची कार्ट्रिजच निघाली नव्हती, त्यांना तिथून पुढे विकत घेण्याचा रस्ताच उरला नव्हता.

आता रॉम. कायद्याबद्दल मी आडवळणानं बोलत नाही. बहुतेक देशांत कॉपीराइट असलेल्या गेमची रॉम नेटवरून उतरवणं हे उल्लंघन आहे, मूळ कार्ट्रिज तुमच्या कपाटात असली तरीही. 'चोवीस तासांत पुसून टाका म्हणजे चालतं' असं कितीतरी साइटवर लिहिलेलं असायचं. असा नियम कुठल्याही कायद्यात नाही, कुणीतरी तो मनानं लिहिला आणि बाकीच्यांनी उचलला. 'ॲबँडनवेअर' म्हणजे बेवारस सॉफ्टवेअर, हा शब्दही कायद्याला माहीत नाही. कंपनी बुडाली म्हणून हक्क बुडत नाहीत, ते कुणाच्या तरी मालमत्तेच्या यादीत जाऊन बसतात. आणि मुदत किती, तर अमेरिकेत कंपनीच्या नावानं प्रसिद्ध झालेल्या कृतीला प्रकाशनापासून ९५ वर्षं. म्हणजे १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' तिथे सर्वांसाठी मोकळा होणार २०८१ च्या पहिल्या दिवशी. तो गेम अवघा ४० किलोबाइटचा आहे. आज फोननं काढलेल्या एका फोटोत असे कित्येक मावतील.

अनेक देशांचे कायदे स्वतःकडच्या प्रोग्रॅमची सुरक्षेसाठी एक प्रत काढायला परवानगी देतात. पण ती प्रत तुमच्या वस्तूवरून तुम्ही काढलेली असावी, असा त्याचा रोख असतो. तुमच्या कार्ट्रिजमधले बिट आणि नेटवरच्या फाइलमधले बिट तंतोतंत तेच असले, तरी कायदा विचारतो ते बिट आले कुठून. नीतीच्या बाजूनं मला हा फरक फारसा जड वाटत नाही. त्या प्रतीचे पैसे एकदा दिले गेलेत. तुम्ही फाइल उतरवली म्हणून गेम बनवणाऱ्याचं काहीही कमी होत नाही. मुलीला हे तुम्ही सरळ सांगू शकता की कायदा नाही म्हणतो, पण आपण कुणाच्या हातातलं काही काढून घेतलेलं नाही. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि बारा वर्षांच्या मुलीला ती दोन्ही एकत्र पेलतात.

मला खटकतं ते दुसरंच, ती फाइल कुठून येते ते. काही वर्षांपूर्वी एक आर्केडचा बोर्ड माझ्याकडे आला. पाणी लागून निम्म्या चिपचे पाय हिरवे पडले होते. ते साफ करण्यात तीन आठवडे गेले, दोन चिप उखडून दुसऱ्या रीडरवर वाचाव्या लागल्या, आणि तो डंप मी एका संग्रहाला दिला. महिन्याभरात तो जाहिरातींनी भरलेल्या एका साइटवर दिसला. डाउनलोडची चार बटणं, त्यातली तीन भलतीकडे नेणारी. गेम बनवणाऱ्यांचे कष्ट, वाचवणाऱ्यांचे कष्ट, आणि गल्ला तिसऱ्याचाच. २०१८ मध्ये निन्टेन्डोनं लव्हरॉम्स या रॉमच्या साइटवर खटला भरला आणि तो १ कोटी २० लाख डॉलरहून मोठ्या रकमेच्या आदेशावर संपला, तेव्हा पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. मला ती वाटली नाही. हजारो गेम शेल्फवर मांडून त्याभोवती जाहिराती लावणं हा धंदा आहे. हीच गोष्ट त्या स्वस्त हातातल्या यंत्रांची, ज्यांच्या मेमरी कार्डात हजारो गेम भरूनच मिळतात. तिथे तर तुम्ही रोख पैसे मोजता, आणि ते एकाही हक्काच्या माणसाकडे जात नाहीत. अशी भरलेली कार्डं घेऊ नका, एवढं मी अगदी ठासून सांगेन. रिकामं यंत्र घ्या आणि त्यात काय घालायचं ते स्वतः ठरवा.

विकत न मिळणाऱ्या गेमचा प्रश्न याहून कितीतरी खोल आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्कबरोबर एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात नाहीत, असं त्यात निघालं. ही संख्या नीट समजून घ्यावी लागते. हे गेम नष्ट झालेत असं ती म्हणत नाही. बहुतेकांच्या प्रती कुठे ना कुठे आहेत, कितीतरींचे डंपही आहेत. पण एखाद्यानं ठरवलं की रीतसर पैसे देऊन खेळायचं, तर दहांतल्या जवळजवळ नऊ गेमसाठी त्याला जुन्या बाजारातली कार्ट्रिज आणि चालू यंत्र शोधत फिरावं लागेल. त्या जुन्या बाजारातले पैसे बनवणाऱ्याकडे जात नाहीतच. म्हणून 'नैतिक राहायचं तर महागडी जुनी कार्ट्रिजच घ्या' हा सल्ला मी कुणाला देत नाही. संग्राहकाचा आनंद घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण त्यानं कुणाचं ऋण फिटत नाही.

हे गेम परत का येत नाहीत, त्यामागे दर वेळी आळस किंवा लोभ नसतो. 'नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर' हा २००० सालचा फार सुंदर गेम घ्या. कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत त्याचे हक्क इतके विखुरले की नाइट डाइव्ह स्टुडिओनं तो पुन्हा आणायचा चंग बांधला तेव्हा ॲक्टिव्हिजन, वॉर्नर आणि फॉक्स या तिघांकडे विचारणा करावी लागली. आपल्याकडे नेमकं काय आहे हे त्यांना स्वतःलाही पक्कं सांगता येईना. शेवटी नाइट डाइव्हनं नाद सोडला. त्याच स्टुडिओला 'सिस्टम शॉक २' च्या वेळी यश आलं. मूळ स्टुडिओ लुकिंग ग्लास २००० मध्ये बंद पडला होता आणि हक्क जाऊन बसले होते एका विमा कंपनीकडे. त्यांच्याशी बोलणं करून २०१३ मध्ये तो गेम पुन्हा विक्रीला आला. १९९७ चा 'गोल्डनआय ००७' हक्कांच्या अशाच गुंत्यात अडकून आधुनिक यंत्रांवर यायला २०२३ उजाडलं. आणि कधी कधी कंपनीकडेच मूळ माल नसतो. 'किंग्डम हार्ट्स' ची एचडी आवृत्ती करायची वेळ आली तेव्हा मूळ डेटा हरवलेला होता, आणि चमूला विक्रीला गेलेल्या गेममधूनच पात्रांची मॉडेल उकरून काढावी लागली. 'सायलेंट हिल' च्या २०१२ च्या एचडी संचाला अपुऱ्या सोर्स कोडवर काम करावं लागलं आणि त्याचे व्रण खेळताना दिसतात.

कार्ट्रिज आणि बोर्डही वाट बघत थांबत नाहीत. कॅपॅसिटर गळतात, डिस्कचा चकाकता थर सडतो, ईप्रॉम चिपमधले बिट हळूहळू पुसट होतात. कॅपकॉमची सीपीएस-२ ही १९९३ पासूनची आर्केड प्रणाली तर अशी होती की गेम उलगडण्याची किल्ली बॅटरीवर चालणाऱ्या मेमरीत ठेवलेली. बॅटरी संपली की किल्ली गेली आणि बोर्ड मेला. आम्ही तिला 'सुसाइड बॅटरी' म्हणतो. मेम या आर्केडच्या एम्युलेटरशी संबंधित मंडळींनी २००७ च्या सुरुवातीला ते सगळं कुलूप उलगडलं. आज मेलेले बोर्डही पुन्हा जिवंत करता येतात. माझ्या टेबलावर असा पहिला बोर्ड पुन्हा चालू झाला ती रात्र मी विसरणार नाही. ते कुलूप कुणीही तोडू नये असं म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारेन, की मग तो गेम आज कुठे असता?

तुम्ही म्हणाल, हे काम ग्रंथालयांनी आणि संग्रहालयांनी करावं. करतातही. फ्रान्समध्ये १९९२ पासून कायदेशीर निक्षेपात, म्हणजे प्रकाशकानं ग्रंथालयाला प्रत द्यायच्या सक्तीत, मल्टिमीडिया येतं, त्यामुळे व्हिडिओ गेमची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा होते. पण अमेरिकेत ग्रंथालयाला जतन केलेला गेम वास्तूच्या आतच दाखवता येतो. संशोधकांना दूरवरून तो चालवू द्यावा ही मागणी कॉपीराइट कार्यालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. पुस्तकाचा अभ्यासक घरी बसून दुर्मीळ हस्तलिखिताचं स्कॅन वाचतो आणि गेमच्या अभ्यासकाला विमानाचं तिकीट काढावं लागतं, हे मला अन्यायाचं वाटतं. संस्थांचे हात बांधलेले आहेत म्हणून हे काम हौशी लोकांच्या अंगावर आलं.

म्हणून माझा व्यवहार असा आहे. एखादा जुना गेम खेळावासा वाटला की मी आधी दहा-पंधरा मिनिटं शोधते. अधिकृत दुकानांत, जुन्या गेमच्या संचांत, जीओजीसारख्या जुने गेम विकणाऱ्या साइटवर, आणि हे बहुतेक जण करत नाहीत, मूळ बनवणाऱ्याच्या स्वतःच्या पानावर. अनेकदा तो माणूस गेम फुकट देत असतो. रेव्होल्यूशनचा १९९४ चा 'बिनीथ अ स्टील स्काय' २००३ पासून स्कमव्हीएम या जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमबरोबर मोफत आहे, तेही कंपनीच्या राजीखुशीनं. आयडी सॉफ्टवेअरनं 'डूम' चा सोर्स कोड १९९७ मध्येच मोकळा केला, मात्र त्यातली चित्रं आणि नकाशे मोकळे केले नाहीत. हा फरक लक्षात ठेवा, बऱ्याच जणांचा तिथे घोळ होतो. गेम विकत मिळत असेल तर मी घेते. मिळत नसेल, कुणी उत्तर देत नसेल, तर तो मिळवून खेळताना मला चोर असल्यासारखं वाटत नाही. तो मी पुढे वाटत सुटत नाही, त्यावर पैसे करत नाही, आणि उद्या तो विक्रीला आला तर घेते.

हे शेवटचं वाक्य सोपं वाटेल, पण गेम खरंच परत येतात. 'स्कॉट पिलग्रिम' चा गेम २०१४ च्या शेवटी दुकानांतून काढला गेला आणि २०२१ च्या जानेवारीत परतला. जपानपुरता राहिलेला १९९५ चा 'सेइकेन देन्सेत्सु ३' चाहत्यांनी २००० मध्ये इंग्रजीत आणला, रॉमला पॅच, म्हणजे बदलांची छोटी फाइल, लावून. अधिकृत इंग्रजी आवृत्ती आली २०१९ मध्ये. मधली एकोणीस वर्षं जपानबाहेर त्या गेमवर प्रेम करणारे टिकून राहिले ते त्या पॅचमुळे, असं मी मानते. मी ती अधिकृत आवृत्ती पहिल्याच आठवड्यात घेतली, कथा पाठ असूनही.

बनवणाऱ्याला आधी विचारायचं, हा धडा मला एका पत्रानं शिकवला. दोन जणांनी मिळून केलेला एक छोटा कोड्यांचा गेम मी सुरुवातीच्या काळात वाचवला होता. फ्लॉपी खराब झालेली, दोन ठिकाणच्या प्रती जोडून एक धड प्रत केली आणि अभिमानानं सगळ्यांना वाटली. कंपनी कधीच बंद झालेली, म्हणून बेवारस समजले. चार वर्षांनी त्या दोघांपैकी एकाचा ईमेल आला. तो चिडला नव्हता. त्यानं लिहिलं की गेम पुन्हा काढायची त्यांची तयारी चालली आहे, माझी प्रत त्यांच्याकडच्या प्रतीपेक्षा चांगली आहे, ती मिळेल का? आणि शेवटी एक ओळ, की आमचे पत्ते गेमच्या शेवटी दिलेले होते, विचारलं का नाहीत? मी तो गेम शेवटपर्यंत कितीतरी वेळा खेळले होते. नावं वर सरकताना बघितली होती. विचारायचं मनातच आलं नव्हतं. मी वाटलेली प्रत त्याच दिवशी काढून टाकली आणि त्याला मूळ फाइल, दोन्ही फ्लॉपींच्या नोंदी, सगळं पाठवलं. तेव्हापासून कुठलाही डंप देण्याआधी मी शेवटची नावं थांबून वाचते आणि निदान एक पत्र टाकते. बरीच पत्रं परत येतात. जी पोहोचतात त्यांची उत्तरं बहुतेक वेळा आनंदाची असतात.

'पैसे तर कंपनीला जातात, बनवणाऱ्याला काय मिळतं' असंही ऐकू येतं. यात तथ्य आहे. त्या काळी अनेक ठिकाणी बनवणाऱ्याचं नाव छापायचीही पद्धत नव्हती. अटारीच्या 'ॲडव्हेंचर' मध्ये वॉरन रॉबिनेटनं एका गुप्त खोलीत स्वतःचं नाव दडवलं ते याच कारणानं. तुमच्या मुलीला ती गोष्ट नक्की सांगा, तिला आवडेल. पण पुनर्प्रकाशनाचे पैसे हवेत विरत नाहीत. एम२ किंवा डिजिटल इक्लिप्ससारखी, जुने गेम नव्या यंत्रांवर नीट आणणारी माणसं त्या विक्रीवर जगतात. डिजिटल इक्लिप्सच्या २०२२ च्या 'अटारी ५०' मध्ये गेमसोबत बनवणाऱ्यांच्या मुलाखती आणि कागदपत्रंही आहेत. एखादा संच खपला की पुढच्या संचाला होकार मिळायला सोपं जातं.

भाड्यानं मिळणाऱ्या गेमबद्दल एक कबुली देते. काही जुने गेम आता फक्त मासिक वर्गणीतच मिळतात, विकत मिळत नाहीत. मला हे आवडत नाही. निन्टेन्डोच्या वी या यंत्राच्या ऑनलाइन दुकानातून लोकांनी पैसे देऊन घेतलेले गेम स्विचवर हलवता आले नाहीत, आणि ते दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झालं. ज्यानं एकदा पैसे दिलेत त्यानं तोच गेम दुसरीकडून उतरवला तर मी त्याला बोल लावणार नाही. पण ज्यानं कधीच काही दिलं नाही, त्याला वर्गणी हाही काउंटरच आहे. अटी पटत नाहीत तर न खेळण्याचं स्वातंत्र्य आहे, आणि पुष्कळदा मी तेच करते.

आता ती सगळ्या गेमची एक फाइल. ती घेऊ नका. त्यातले कित्येक गेम आज विक्रीला आहेत, म्हणजे एका क्लिकसरशी तुम्ही शेकडो काउंटर ओलांडता. आणि कृपा करून तिला जतन म्हणू नका. जे वाचवून झालंय त्याची आणखी एक नक्कल तुमच्या डिस्कवर आली म्हणून जगात काहीही वाचलं नाही. जतन म्हणजे मूळ वस्तू हातात घेऊन वाचणं, हॅश, म्हणजे फाइलच्या बिटांवरून निघणारी तिची ओळखखूण, काढणं, नो-इन्ट्रो किंवा रीडम्प या बिनचूक डंपच्या याद्यांतल्या नोंदींशी ताडून बघणं, आवृत्ती वेगळी निघाली तर बोर्डाचा फोटो आणि चिपवरचे आकडे नोंदवणं, पुस्तिका स्कॅन करणं. हे कंटाळवाणं काम आहे आणि त्याला माणसं कमी पडतात. तुम्हाला खरंच जतन करायचं असेल तर तुमच्या कपाटातल्या त्या एका कार्ट्रिजपासून सुरुवात करा.

कारण तुम्हाला रॉम उतरवायची गरजच नाही. गेम बॉयची कार्ट्रिज वाचणारी छोटी यूएसबी यंत्रं मिळतात. ती रॉमही वाचतात आणि सेव्हही. आणि सेव्ह ही गोष्ट नेटवरच्या कुठल्याही फाइलमध्ये मिळणार नाही. तुमच्या गेममध्ये सेव्हची सोय असेल, तर ती बहुधा कार्ट्रिजमधल्या एका नाण्याएवढ्या तीन व्होल्टच्या बॅटरीच्या जोरावर टिकून आहे. लहानपणी तुम्ही टाइप केलेलं नाव आणि जिथे खेळ थांबवला ती जागा त्या बॅटरीवर तग धरून आहे, अर्थात ती अजून जिवंत असेल तर. लोक इथे एक चूक हमखास करतात. इतक्या वर्षांनी आधी नवी बॅटरी घालू म्हणून जुनी काढतात, आणि त्याच क्षणी सगळं पुसलं जातं.

म्हणून कार्ट्रिज उघडू नका. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून संपर्कपट्ट्या हलक्या हातानं पुसा, पूर्ण सुकू द्या. तोंडानं फुंकू नका, लाळेच्या ओलीनं तांब्याला गंज चढतो. मग सर्वांत आधी सेव्ह वाचा, दोनदा, दोन वेगळ्या फाइलमध्ये, आणि दोन्हींचे हॅश ताडून बघा. जुळले नाहीत तर पट्ट्या पुन्हा पुसा आणि पुन्हा वाचा. त्यानंतर रॉम वाचा आणि तिचा हॅश नो-इन्ट्रोच्या यादीत शोधा. सापडला तर तुमचा डंप बिनचूक आहे. नाही सापडला तर मला कळवा, कारण एकतर वाचताना चूक झालीय किंवा तुमच्याकडे कुणीच न नोंदवलेली आवृत्ती आहे. ती सेव्हची फाइल एम्युलेटरमध्ये उघडून मुलीला तुमचं नाव दाखवा. सेव्हच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी गेल्या की मग सोल्डरिंग आयर्न तापवायला हरकत नाही. नवी बॅटरी बसली की तीच सेव्ह त्याच यूएसबी यंत्रानं कार्ट्रिजमध्ये परत लिहिता येते.